नऊ नंबरचं डक्ट

रीडिंग
४ मे २०२५

प्रिय शशीकाका,

तुम्हाला आणि नीनाकाकूंना नमस्कार. फोनवर तुमचं श्रवणयंत्र शिट्ट्या मारतं आणि ई-मेल तुम्ही सणासुदीला उघडता, म्हणून तुमच्याच अटीवर कागदावर लिहिते आहे. शाळा सुटल्यापासून मी पानभर मराठी लिहिलेलं नाही. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल पेनाने दाखवून पत्र परत पाठवलंत तर पुन्हा लिहिणार नाही, आधीच सांगून ठेवते.

गेल्या दिवाळीत तुम्ही विचारलंत, "तू नक्की करतेस काय गं?" आणि मी "नेटवर्कचं सॉफ्टवेअर" म्हणून तुमच्या तोंडाला पानं पुसली. आता नीट सांगते. समजा एक विद्यापीठ आहे. चाळीस इमारती, आणि त्यांना जोडणाऱ्या केबल्स जमिनीखालून गेलेल्या. कुठली केबल कुठून कुठे जाते त्याचे नकाशे आमच्या सॉफ्टवेअरला द्यायचे. ते चार सेकंदांत सांगतं, की उद्या यातली कुठलीही एक केबल तुटली तर कुठली इमारत एकटी पडेल. हेच काम करायला माणसांना तीन आठवडे लागतात. त्याचं नाव मी 'चौकस' ठेवलंय. ऑफिसात सगळे 'चॉकस' म्हणतात. त्यांना वाटतं मी खाण्याच्या पदार्थावरून नाव ठेवलं.

आता खरी बातमी. आमचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे तुमचं विद्यापीठ! एकतीस वर्षं जिथे तुम्ही केबल्स घातल्यात तोच कॅम्पस. तिथल्या इस्टेट्स विभागाची, म्हणजे इमारती आणि जागा सांभाळणाऱ्या खात्याची, प्रमुख जिलियन नावाची बाई आहे. ती म्हणते, २००५च्या आधीचे नकाशे ऑफिस हलवताना गहाळ झाले. मला लगेच तुमचा माळा आठवला. तुम्ही स्वतःसाठी प्रत्येक नकाशाची एक प्रत काढून ठेवायचात ना? त्या अजून आहेत का?

काका, ही ऑर्डर मला फार हवी आहे. आमची कंपनी पाच माणसांची. मालक विनय, नागपूरचा, मनाने चांगला आहे पण स्पष्ट बोलतो. परवा म्हणाला, "हे बघ चैत्राली, आय विल बी ऑनेस्ट. ही ऑर्डर साइन झाली तर तुझी स्पॉन्सरशिप मी नेक्स्ट डे रिन्यू करतो. नाही झाली तर आय जस्ट कान्ट, यार." माझा व्हिसा ऑक्टोबरात संपतो. म्हणजे ऑर्डर नाही तर ऑक्टोबरात मी परत पुण्याला. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

तुमची,
चैत्राली


यॉर्कशर
९ मे २०२५

चि. चैत्राली,

आशीर्वाद दुसऱ्या दर्जाच्या तिकिटावर पाठवतो आहे, पोचायला दोन-तीन दिवस लागतील. पण ते शिळे होत नाहीत.

तुझ्या पत्रात अकरा चुका आहेत. काकूने लाल पेन लपवून ठेवलं म्हणून वाचलीस.

नकाशे आहेत. बेचाळीसच्या बेचाळीस. तुझी काकू वीस वर्षं म्हणते आहे, "या घरात एक तर हे कागद राहतील नाही तर मी." दर वेळी मी विचार करायला मुदत मागून घेतो. आज तुझं पत्र तिला मोठ्याने वाचून दाखवलं. ती उठली आणि माळ्याची शिडी धरायला आली. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली, शिडी धरायला ती पहिल्यांदा आली.

तुला ठाऊक आहे की नाही कोण जाणे, या देशात मी आलो तो बायकोच्या मागून. शहाऐंशी साली हिला इथल्या हॉस्पिटलात भूल देणाऱ्या डॉक्टरची नोकरी लागली आणि मी बॅगा उचलून आलो. पुण्याच्या टेलिफोन खात्यातला माझा अनुभव इथे कुणी विचारात घेतला नाही. वर्षभर घरी बसून पोळ्या शिकलो. मग विद्यापीठाने चर खणायला माणसं घेतली, त्यांत लागलो. चर खणता खणता केबल ओढायला लागलो, मग जोडायला, आणि शेवटी नकाशे काढायला. त्या कॅम्पसवरची डक्टं, म्हणजे जमिनीखालून केबल नेण्यासाठी पुरलेले पाइप, मला आपल्या घरातल्या दिव्यांच्या बटणांइतकी पाठ आहेत.

तुझ्या चौकसबद्दल मात्र शंका आहे. चार सेकंदांत काय कळतं? नुसतं एक झाकण उचलायला मला चार मिनिटं लागायची, आणि आत पाणी असलं तर अख्खी दुपार. जमिनीखालचं काम पोटातल्या दुखण्यासारखं असतं. वरून बघून सांगणारे पुष्कळ, हात लावून बघणारे थोडे. पण तुझं यंत्र नकाशावर चालतं आणि नकाशे माझे आहेत, तेव्हा डोळे मिटून घाल. माझ्या कागदावर जे आहे तेच जमिनीखाली आहे.

मूळ कागद पार्सलने पाठवतो आहे. झेरॉक्स माझ्याकडे ठेवली आहे. काकू म्हणते, "म्हणजे कागद गेले कुठे? होते त्याचे दुप्पट झाले."

व्हिसाचं मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या आईला बोलणार नाही. ती मला विचारेल तेव्हा मला ऐकू येत नाही असं ठरलं आहे.

तुझा,
शशीकाका


रीडिंग
१५ जून २०२५

प्रिय काका,

झालं! काकूंना पेढे द्या, मी इथे माझ्या वाटचे खाल्ले. म्हणजे स्लाउहून मागवलेली बर्फी, पण भावना पेढ्याची.

तुमचे बेचाळीस नकाशे स्कॅन केले. चौकस आकडे आपले आपण वाचतो आणि जिथे शंका येते तिथे थांबून मला विचारतो. तुमच्या नकाशांत तो फक्त पाच वेळा थांबला. विनय बघून म्हणाला, "कोणाचं हँडरायटिंग आहे हे? इट्स लाइक प्रिंटेड!" मी सांगितलं, "माझ्या काकांचं." सांगताना माझी कॉलर किती ताठ झाली ते तुम्ही बघायला हवं होतं.

सोबत रिपोर्टची प्रत पाठवते आहे. इंग्रजी जड आहे, म्हणून सार सांगते. सगळ्यात महत्त्वाचं विलो हॉलचं. ते मुलामुलींचं मोठं वसतिगृह, तीनशे खोल्यांचं. दारांची कुलुपं, फोन, आगीची सूचना देणारी घंटा, सगळं आता नेटवर्कवर आहे. तिथे तीन केबल्स जातात. त्यांतली सर्वांत जुनी केबल बॉयलरच्या बोगद्यातून जाते आणि तो बोगदा विद्यापीठाला बंद करायचाय. प्रश्न एवढाच होता, की ती काढून टाकली तर उरलेल्या दोन पुरतील का? चौकस म्हणतो, पुरतील. एक जाते एक नंबरच्या डक्टमधून आणि दुसरी नऊ नंबरच्या. वाटा वेगळ्या, तेव्हा एका ठिकाणी कुणी चुकून कुदळ मारली तरी दुसरी चालू राहील.

२१ जुलैला, मुलं सुट्टीवर गेली की, जुनी केबल काढायचं काम सुरू होणार. ते सुरू झालं की ऑर्डरवर सही करते, असं जिलियनने मेलमध्ये लिहिलंय. पाच आठवडे राहिले. मी कॅलेंडरवर काट मारायला लागले आहे.

तुमच्या नकाशांमुळे झालं हे, काका. खरंच.

चैत्राली


यॉर्कशर
२२ जून २०२५

चि. चैत्राली,

बर्फीची भावना पोचली. काकूने खरे पेढे केले आणि साखर बेताची घातली, त्यामुळे तेही भावनेपुरतेच झाले.

रिपोर्ट दोनदा वाचला. छपाई सुरेख आहे. तुझं नाव पहिल्या पानावर बघून काकूने ते पान फ्रिजवर लावलं आहे. आता दूध काढताना रोज तुझं दर्शन होतं.

एक बारीकशी गोष्ट विचारायची आहे. घाबरून जाऊ नकोस. तू लिहिलं आहेस, विलो हॉलची दुसरी केबल नऊ नंबरच्या डक्टमधून जाते.

चैत्राली, त्या कॅम्पसवर नऊ नंबरचं डक्ट नाही. आठच आहेत.

मी निवृत्त झाल्यावर कुणी नवं पुरलं असेल तर मला ठाऊक नाही. पण मग ते माझ्या नकाशावर कसं येईल? जरा बघून कळव.

तुझा,
शशीकाका


रीडिंग
२७ जून २०२५

प्रिय काका,

तुमचं पत्र वाचलं. मग ऑफिसात जाऊन मूळ कागद पुन्हा पाहिला, आणि आता निवांत आहे. सतरा नंबरचा नकाशा, नोव्हेंबर १९९८. विलो हॉलच्या दुसऱ्या केबलशेजारी स्वच्छ नऊ आहे. तुमच्याच अक्षरात. यंत्राने वाचला आणि मी माझ्या डोळ्यांनी वाचला. त्या कोपऱ्याची मोठी केलेली प्रत सोबत ठेवते.

काका, रागावू नका, पण तुम्हाला निवृत्त होऊन सात वर्षं झाली. एखादं डक्ट विसरायला होतं माणसाला. परवा मी माझ्या घराचा पिन कोड विसरले, आणि मी तुमच्या निम्म्या वयाचीसुद्धा नाही! खरं सांगू? तुम्ही अजून इतक्या आस्थेने रिपोर्ट वाचता याचंच मला बरं वाटलं. पण आता काळजी सोडा. बागेत गुलाब बघा.

ऑर्डर आली की पहिल्या ट्रेनने तिकडे येते.

चैत्राली


यॉर्कशर
४ जुलै २०२५

चि. चैत्राली,

गुलाब बघितले. बरे आहेत. आता माझं ऐक.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मला राग आला होता. विसरलो असेन असं काकूही म्हणाली असती तर मी दोन दिवस जेवलो नसतो. पण रागापेक्षा भीती मोठी होती, की खरंच विसरलो की काय. म्हणून मंगळवारी बस पकडून कॅम्पसवर गेलो. काठी घेऊन विलो हॉलच्या भोवती फिरलो. झाकणं मोजली. जुनी लोखंडी झाकणं आहेत, त्यांच्यावर नंबर ओतीव आहेत. एक ते आठ. नववं नाही. एका सुरक्षारक्षकाने येऊन विचारलं, "यू लॉस्ट, लव्ह?" मी म्हटलं, नाही, मी हरवलेलो नाही, माझं एक डक्ट हरवलं आहे. तो बिचारा माझ्याबरोबर शोधायला लागला.

घरी येऊन तू पाठवलेली प्रत टेबलावर घेऊन बसलो. नऊच दिसत होता. मला काही सुधरेना. काकू मागून चहा घेऊन आली, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि म्हणाली, "अहो, हा नऊ कुठला? हा एक आहे. दुकानाच्या यादीत 'दूध १' लिहिता तस्सा."

चैत्राली, तो मराठी एक आहे. १. इंग्रजी 9 नव्हे.

आता सगळं आठवलं. तेव्हा कामावर मी मनातल्या मनात मराठीतच मोजायचो. शाळेत पाढे ज्या भाषेत पाठ केले त्याच भाषेत माणूस शेवटपर्यंत मोजतो. पण कागदावर इंग्रजी आकडे काढायची डोळ्यांत तेल घालून काळजी घ्यायचो. त्या नोव्हेंबरात दुसरी केबल तीन नंबरमधून न्यायची होती. तीन नंबर पाण्याने भरलं होतं. मुकादम म्हणाला, तात्पुरती एक नंबरमधूनच घाला, उन्हाळ्यात हलवू. बर्फाचा पाऊस पडत होता आणि मी चरात उभा राहून गुडघ्यावर नकाशा काढत होतो. बोटं गोठली की ती आपल्याला विचारत नाहीत, पहिलीत शिकलेलंच लिहितात. तो उन्हाळा काही आला नाही, आणि केबल तिथेच राहिली.

म्हणजे विलो हॉलच्या दोन्ही केबल्स एकाच डक्टमध्ये आहेत. जुनी केबल काढली तर एका कुदळीच्या घावाने तीनशे मुलांची कुलुपं आणि आगीची घंटा एकदम जाईल. २१ तारखेच्या आत जिलियनबाईला सांगायलाच हवं. तुझ्या ऑर्डरचं काय होईल ते मला दिसतं आहे. तरी सांगायला हवं.

आणखी एक. त्या कागदावर खाली सही माझी नाही, तेव्हाच्या साहेबांची आहे. नकाशे मी काढायचो, सही ते करायचे. ते आता नाहीत. मी गप्प बसलो असतो तर हे अक्षर कुणाचं हे कुणालाच कळलं नसतं. तुला मात्र मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, माझे नकाशे डोळे मिटून घाल म्हणून. तू घातलेस. चूक माझी आहे, पोरी.

शशीकाका


रीडिंग
१० जुलै २०२५

प्रिय काका,

तुमचं पत्र वाचून रडले, मग हसले, मग पुन्हा रडले. ट्रेनमध्ये. समोरच्या माणसाने मुकाट्याने टिश्यू पुढे केला.

आधी माझी माफी. तुम्ही विसरला असाल असं मी लिहिलं. मराठी एक मी आयुष्यभर वाचत आले आहे, आणि ऑफिसात बसून तो मला नऊ दिसला. हे मराठीत वाचायचंय असं माझ्या डोळ्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. काकूंना एका नजरेत कळलं ते मला मोठं करूनही कळलं नाही.

जिलियनला त्याच दिवशी कळवलं. जुनी केबल काढायचं काम थांबवलंय. मुलांना कसलाही धोका नाही, तेव्हा तुम्ही झोपा. मी तिला लिहिलं की सॉफ्टवेअरने आकडा चुकीचा वाचला, आम्ही दुरुस्त करतो आहोत. तुमचा कुठेही उल्लेख केलेला नाही आणि करणारही नाही. एकतीस वर्षांनंतर त्या विद्यापीठात तुमचं नाव पहिल्यांदा निघावं ते चुकीसाठी, हे मला चालणार नाही.

ऑर्डरची काळजी नको. थोडा उशीर होईल इतकंच. येईल.

चैत्राली


यॉर्कशर
१८ जुलै २०२५

चैत्राली,

हे पत्र नीनाकाकूचं आहे. अक्षर लागलं नाही तर जवळच्या केमिस्टकडे घेऊन जा.

तू काकाला लिहिलंस की ऑर्डर येईल. रविवारी मी फोन केला तेव्हा मला मात्र खरं सांगितलंस, की जिलियनबाई म्हणाली, "एकाचे नऊ करणारं सॉफ्टवेअर आम्ही घेऊ शकत नाही," आणि विनय तुझ्याशी नीट बोलतसुद्धा नाही. "काकांना सांगू नका," म्हणालीस. मी डॉक्टर आहे. पेशंटचं गुपित चाळीस वर्षं पोटात ठेवलं. पण नवऱ्यापासून गुपित ठेवायची मला सवय नाही, आणि तू माझी पेशंट नाहीस. सांगितलं.

ऐकून तो उठला. बागेत गेला आणि गुलाबाची जी फांदी छाटायची नव्हती ती छाटून आला. मग म्हणाला, "चोर सोडून संन्याशाला फाशी दिली हिने. आणि तो संन्यासी हिचं पोट भरत होता." नंतर तुझ्या रिपोर्टवरचा जिलियनबाईचा फोन नंबर मला लावायला सांगितला, कारण त्याचं यंत्र शिट्ट्या मारतं. मी जिलियनबाईकडून आजची वेळ मागून घेतली.

सकाळी माझ्या निवृत्तीच्या समारंभातला सूट घालून गेला आहे. सूट सैल झाला आहे, तो बारीक झालाय हे मला आज दिसलं. बेचाळीस झेरॉक्स पिशवीत घेतल्या. मी म्हटलं, "मी येऊ का? तुम्हाला ऐकू नाही आलं तर?" तर म्हणतो, "मला ऐकायचं नाहीये, सांगायचंय."

तुमच्या या एका आकड्याने माझ्या खरोखर नाकी नऊ आले आहेत. पण तुला एक सांगते. त्याने चूक कबूल केली असं मी सेहेचाळीस वर्षांत दोनदा पाहिलं, आणि पहिल्या वेळी मी ती सिद्ध करून दाखवली होती.

दुपारचे तीन वाजले. अजून आला नाही. पोळ्या करून ठेवते.

काकू


रीडिंग
२६ जुलै २०२५

प्रिय काका,

तुम्ही माझं खोटं उघडं पाडलंत, गिऱ्हाइकासमोर, सूट घालून. मी तुमच्यावर चिडले आहे हे आधी लिहून ठेवते, कारण पुढे ते टिकणार नाही.

काल जिलियनने फोन केला.  ती म्हणाली, "युअर अंकल केम टू सी मी." पुढे पाच मिनिटं तीच बोलत होती. म्हणाली, तुम्ही तिच्या टेबलावर सतरा नंबरचा नकाशा पसरलात आणि म्हणालात, यंत्राने चूक केलेली नाही, कुठल्याही इंग्रज माणसाने वाचला असता तसाच वाचला. मी दुसऱ्या भाषेत लिहिलं आणि कुणाला सांगितलं नाही. मग तुम्ही तिला बाकीचे एकेचाळीस नकाशे वाचून दाखवलेत, आणि आणखी सहा जागी तुमचे मराठी आकडे निघाले. दोन ठिकाणी ४ होता, तो आम्ही 8 वाचला होता. ती म्हणाली, हे आम्हाला तीनशे वर्षांत कळलं नसतं.

काका, ऑर्डर आली. तीन वर्षांची नाही, एका वर्षाची. आणि एका अटीवर, की चौकसने 'ठीक आहे' म्हटलेला प्रत्येक नकाशा जमीन ओळखणाऱ्या माणसाने चालून तपासायचा. तिने घातली नसती तर मीच ती अट घातली असती. विनयने आजच व्हिसाचे कागद पाठवले. "एक वर्ष इज एनफ फॉर अस. बाकी बघू," म्हणाला, आणि मग खालच्या आवाजात, "तुझ्या काकांना माझा नमस्कार सांग." सांगितला.

मी राहतेय, काका. आईला आज सगळं पहिल्यापासून सांगितलं. ती अर्धा तास ओरडली आणि मग म्हणाली, "चूक कबूल करणं शशीभाऊजींना तरुणपणीही शोभलं असतं, पण आता जास्त शोभलं."

तिथे काय काय बोललात ते सगळं मला कळायला हवं. जिलियनने सांगताना मध्ये काहीतरी गाळलं. तिचा आवाज मध्येच बदलला होता.

चैत्राली


यॉर्कशर
३ ऑगस्ट २०२५

चि. चैत्राली,

तुझी चीड पोचली. एका पानातच विरघळली, तेव्हा पुढच्या वेळी जाड कागदावर पाठव.

काय बोललो ते सांगतो. मी आकड्याचं सांगून झाल्यावर जिलियनबाईने मला विचारलं, की मग तुमच्या पुतणीने सॉफ्टवेअर चुकलं असं का लिहिलं? खोटं का बोलली ती? प्रश्न रास्त होता. मला त्याचं उत्तर घरून तयार करून न्यायला हवं होतं, पण नेलं नव्हतं. मी म्हटलं, खोटं बोलली हे खरं. पण लोक स्वतःला वाचवायला खोटं बोलतात, ती स्वतःला बुडवायला बोलली, आणि तेही एका म्हाताऱ्याच्या नावासाठी, जे तुमच्या दप्तरात कुठे नाहीच. मुलांच्या जिवाशी गाठ होती तिथे मात्र तिने एक दिवससुद्धा लावला नाही, काम त्याच दिवशी थांबवलं. मी तिचा काका आहे, तेव्हा माझं बोलणं निम्मं धरा. निम्म्यातही ती पुरेल.

माझं इंग्रजी एवढं सरळ आलं नाही, पण तिला समजलं. ती उठून खिडकीशी गेली आणि बराच वेळ बाहेर बघत होती. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, सायकलींचं स्टँड आहे.

आता सोमवारी आणि गुरुवारी मी कॅम्पसवर जातो. नकाशे वाचतो आणि जिलियनच्या खात्यातल्या दोन पोरी माझ्याबरोबर झाकणं उचलतात. मला उचलू देत नाहीत. गेल्या गुरुवारी तीन नंबर उघडलं. सत्तावीस वर्षांनी ते कोरडं आहे. दुसरी केबल आता तिकडे हलवणार.

सतरा नंबरचा नकाशा नव्याने काढला. जिलियनने खाली रेघ मारून पेन माझ्या हातात दिलं. त्या विद्यापीठातल्या एकाही नकाशावर मी आजवर सही केलेली नव्हती.  मग मराठीतच केली, पूर्ण, शशिधर वर्तक, वर सरळ रेघ देऊन. तिने विचारलं, हे काय लिहिलंत? मी म्हटलं, यात लिहिलं आहे, 'समजलं नाही तर मला विचारा.'

तुला वाटत असेल, मी तुझ्यासाठी केवढं केलं. काही केलेलं नाही गं. तुला या देशात ठेवायला मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं, चूक माझी आहे म्हणून. बसने जाताना वाटत होतं, या वयात हे जड जाईल. खुर्चीत बसलो, बोललो, आणि इतकं हलकं वाटलं की परतीची बस सोडून दिली आणि चालत घरी आलो. म्हणून काकूच्या पोळ्या गार झाल्या. तिला मात्र सांगितलंय की बस चुकली.

तुझा,
शशीकाका